पाठीवरचं घोंगडं

“फितुराला काय शिक्षा करायची, वस्ताद?”

दस्तगीर वस्ताद हौदातली लाल माती फावड्यानं उकरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“फितूर कोन?”

“माझं रक्त.”

फावडं थांबलं.

कासारवाडीच्या तालमीत दुपारी कोणी नसतं. सकाळचे पठ्ठे जोर-बैठका काढून, थंडाई पिऊन आपापल्या कामाला गेलेले असतात. संध्याकाळच्यांना अजून अवकाश असतो. त्या मधल्या वेळात वस्ताद एकटेच मातीची मशागत करतात. वयाची ऐंशी उलटली, गुडघे कुरकुरतात, पण मातीत ताक किती घालायचं, हळद किती, कापूर किती, हे काम त्यांनी अजून कुणाच्या हाती दिलेलं नाही. कोनाड्यातल्या मारुतीला सकाळी उदबत्ती तेच लावतात आणि तिथंच बाजूला चटई टाकून नमाजही पढतात. गावाला त्यात काही नवल वाटत नाही.

दारात उभी होती सुलक्षणा खोत. या मातीत उतरलेली पहिली मुलगी.

ती उतरली तेव्हा गावानं बोटं मोडली होती. मग ती पोरांना आस्मान दाखवायला लागली, तेव्हा तीच बोटं तोंडात गेली. पुढं ती डॉक्टर झाली, पुण्याला गेली, आणि तिथं कॅन्सरशी रक्तातल्या पेशी कशा लढतात याचा अभ्यास करू लागली. मोठमोठ्या सभांत बोलायची. “आपल्या प्रत्येकाच्या अंगात एक फौज आहे,” असं सांगायची, आणि ते अशा थाटात, की ऐकणाऱ्याला वाटावं, फौजेची सेनापतीही हीच.

गेल्या महिन्यात तिच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. साधीसुधी नव्हे. दांडगी, झपाट्यानं पसरणारी जात.

“उभी का? बस,” वस्ताद म्हणाले.

ती भिंतीजवळच्या खुर्चीकडं वळली.

“तितं न्हवं. मातीत.”

तिनं चपला काढल्या. वाकून चिमूटभर माती कपाळाला लावली, आणि हौदाच्या काठावर पाय आत सोडून बसली. मातीचा तो आंबूस, कापराचा वास नाकात शिरला. पण ती रडायला आलेली नव्हती. भांडायला आली होती.

“हां. आता सांग. लढत कशी झाली?”

तिनं सुरुवात केली. दोन वाक्यं झाली असतील, वस्तादांनी हात वर केला.

“ही पुस्तकातली झाली. मला मातीतली सांग.”

…

“अंगात राखणदार पेशी फिरत असतात, वस्ताद. रक्तातून, मांसातून. वाटेत भेटेल त्या पेशीला चाचपत जातात. प्रत्येक पेशीनं आपल्या अंगावर एक खूण धरलेली असते, आत काय चाललंय त्याची. खूण वेगळी लागली, की राखणदार तिला जागच्या जागी संपवतो.”

“रोज?”

“रोज. आत्ता आपण बोलतोय, तेव्हासुद्धा.”

“माज्याबी अंगात?”

“तुमच्याही.”

वस्तादांनी आपला मातीनं माखलेला हात उलटा केला, सुलटा केला. बराच वेळ बघत राहिले.

“आन मला पत्ता न्हाई,” ते हळूच म्हणाले.

मग फावडं भिंतीला टेकवून तेही तिच्यासमोर मातीत बसले.

“मग तुजा ह्यो गडी निसटला कसा?”

“आधी गाठीच्या पेशीनं आपली खूणच पुसली. राखणदार चाचपतो, तर हाताला काही लागतच नाही.”

“अंगाला तेल चोपडून उतरला म्हन की.”

“तसंच. मग सफाईच्या पेशी आल्या. मेलेलं, सडलेलं उचलणं हे त्यांचं काम. तिनं त्यांनाच फितवलं. आता त्याच तिला रसद पुरवतात. नव्या रक्तवाहिन्या आणून देतात.”

“आपल्याच पोरास्नी मालिशीला लावलं त्यानं!”

वस्तादांचे डोळे चमकायला लागले होते. फडावर एखाद्या परगावच्या पैलवानानं न पाहिलेला डाव टाकला, की त्यांचा चेहरा असा व्हायचा. सुलक्षणाच्या ते लक्षात आलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

“तुम्हाला मजा वाटतेय?”

“मजा न्हाई, भ्या वाटतंय. पर गडी मोठा हाय, सुलू. मोठ्याला मोठा म्हनल्याबिगर त्येच्याशी लढताच येत न्हाई.”

हे तर त्यांनी तिला या मातीत पहिल्या महिन्यातच सांगितलं होतं.

“तिसरं काय केलं त्यानं?”

तिसरं तिला बोलायचं नव्हतं. तिचा सगळा अपमान त्या तिसऱ्यातच होता.

“तिसरं… खूण पुरती पुसली नव्हती; माझ्या राखणदारांनी तिला ओळखलं होतं, वस्ताद.”

“आँ?”

“गाठीचा तुकडा काढला होता. काचेवर घेऊन मी स्वतः बघितला. दुसऱ्याला बघू दिला नाही आधी. गाठीच्या आत माझे राखणदार होते. थोडेथोडके नव्हे, झुंडीनं. तिला खेटून उभे. पकड घालायच्या बेतात.”

“मग?”

“मग तिनं नुसता हात लावला.”

“कुटं?”

“राखणदाराच्या अंगावर एक जागा असते. तिथं समोरच्यानं हात टेकवला, की तो थांबतो. पकड सोडतो, आणि नुसता उभा राहतो. त्याच्या नाकासमोर ती वाढत असते, आणि हे… उभे.”

तिचा आवाज चिरकला. “कुंपणानंच शेत खाल्लं, वस्ताद. अर्धं आयुष्य मी यांची तारीफ करत फिरले. आणि माझी वेळ आली तर हे मूर्खासारखे हात खाली टाकून उभे!”

“वाऽ…”

वस्ताद मोठ्यानं बोललेच नव्हते. दर्ग्यात शिरताना माणसाचा आवाज आपोआप उतरतो, तेवढ्याच आवाजात ते म्हणाले होते.

“त्या गड्याचा वस्ताद कोन?”

“कोणी नाही. ती माझीच पेशी आहे. आईच्या पोटात मी एवढुसा कण होते, त्या कणाचीच लेक. बिघडली, एवढंच.”

“मंजी भाईरनं आलेला न्हवं?”

“नाही.”

“आपल्याच तालमीतला.”

“हो.”

वस्तादांनी डोळे मिटले.

“तरीच… तरीच त्येला थापटायचं म्हाईत हाय.”

इथं त्या तालमीची एक रीत सांगायला हवी. वस्तादांच्याही वस्तादांच्या काळात सरावात एका पोराची मान पकडीत मोडली आणि ते पोर मातीतच गेलं. त्या दिवसापासून तिथं नेम पडला. ज्याचा श्वास कोंडला त्यानं वरच्याच्या पाठीवर उघड्या पंजानं थापटायचं. थापटलं की सोडायचं. आपण जिंकतोय का, समोरचा कोण, राग किती आलाय, काही म्हणजे काही बघायचं नाही. नवा पोरगा आला की वस्ताद त्याला आधी डाव शिकवत नाहीत. आधी सोडायला शिकवतात. बाहेरचे पैलवान यावर हसतात. हसोत बापडे. त्या मातीत पुन्हा मान मोडलेली नाही.

…

“डागदर काय म्हनत्यात?” वस्तादांनी विचारलं.

“केमो सुरू करायची. त्याला मी तयार आहे. पण जोडीला दुसरं एक औषध देणार म्हणतात. त्याला मी नाही म्हटलंय. उद्या सकाळी शेवटचं उत्तर द्यायचंय.”

“ते काय करतं?”

“राखणदाराच्या अंगावरची ती जागा झाकतं. मग थाप लागतच नाही.”

“मग ब्येस की! सोडायचा न्हाई तो.”

“कुणालाच सोडायचा नाही, वस्ताद!” ती ओरडलीच. “माझ्या आतड्यानं थापटलं तरी नाही. फुप्फुसानं थापटलं तरी नाही. एका बाईला हे औषध मी स्वतः दिलं होतं. गाठ विरून गेली. पेढे वाटायचेच तेवढे बाकी होते. आणि राखणदार तिच्या हृदयाला भिडले…”

“गेली?”

“गेली.”

बाहेर कुठं तरी म्हैस रेकली.

“समद्यांचं तसंच हुतं?”

“नाही. जीव जावा असं फार थोड्यांचं. पुष्कळांना गुणही येतो.”

“मग?”

“मग काय मग? ज्या आंधळ्यांना चोर ओळखूनही धरता आला नाही, त्यांच्यावर मी भरवसा टाकू? घरी ईरा आहे माझी. पहिलीत आहे ती, वस्ताद.” तिनं मूठभर माती उचलली आणि फेकून दिली. “मला या रक्ताचा राग येतो. किळस येते. यांच्या हातात मी माझा जीव देणार नाही.”

वस्ताद गुडघ्यांवर हात रोवून उठले. हौदाच्या मधोमध गेले आणि ओणवे झाले.

“ये. मान धर माजी.”

“काहीतरीच काय! तुमचं वय…”

“वय मला ठाव हाय. उजव्या हातानं धर, डावीकडं दुकत आसंल. धर म्हनतो न्हवं?”

त्या तालमीत वस्तादांना दोनदा सांगायला लावायची सोय नव्हती. ती उतरली. त्यांचं डोकं काखेत घेऊन उजव्या कोपराची घडी मानेला घातली. कितीतरी वर्षांनी घातली, पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. पकड बसली ती अस्सल बसली.

“आता सोडू नकू,” खालून आवाज आला. “मी कायबी केलं तरी सोडायचं न्हाई. ऐकलंस?”

“ऐकलं.”

त्यांचा पंजा तिच्या पाठीवर आला. थप् थप्.

तिचा हात सुटला.

“सोडू नकू म्हनलं न्हवं?”

“चुकून… पुन्हा धरते.”

तिनं दात आवळून धरलं. या खेपेला डाव्या हातानं उजवं मनगटही जखडलं. सोडणार नाही, सोडणार नाही, असं ती मनात घोकत होती.

थप् थप्.

हात सुटला. मनगटावरची बोटंसुद्धा सुटली. डोक्यातलं घोकणं अजून चालूच होतं, आणि हात केव्हाच मोकळे झाले होते.

ती आपल्या हातांकडं बघत उभी राहिली. रागानं की लाजेनं कोण जाणे, तिची कानशिलं तापली.

“ह्यो हात फितूर हाय?” वस्तादांनी विचारलं.

तिनं मूठ मिटली, पुन्हा उघडली.

“आंधळा हाय?”

“…नाही.”

“त्येला सोडायला कुनी शिकवलं?”

“तुम्ही.”

“चुकलं माजं?”

सुलक्षणाच्या मनात पहिल्यांदाच, अभ्यास सोडून, दुसरंच काही हललं. जे ती वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आली होती, ते आता तिला दिसायला लागलं.

“वस्ताद,” ती अडखळत म्हणाली, “ती जागा… थाप ओळखायची जागा… ती रोगासाठी नाही केलेली.”

“मग कुनासाटी?”

“आपल्याच माणसांसाठी. राखणदार तापले की वाटेत येईल त्याला झोडपतील, म्हणून. आणि…” ती थांबली. “आणि बाळासाठी.”

“बाळासाटी?”

“आईच्या पोटातलं बाळ अर्धं परकं असतं. अर्धं बापाचं. आईच्या राखणदारांना ते परकं लागायला हवं. ते चालूनही जातील त्याच्यावर. पण जिथं बाळ आईला जोडलेलं असतं, वारेपाशी, तिथं हीच थाप असते. अगदी हीच. राखणदार येतात… आणि थांबतात.”

ती खाली मातीत बसली.

“नऊ महिने थांबले होते. माझे. ईराच्या वेळी.”

तिनं तोंडावर हात घेतला. मघा ज्यांना मूर्ख म्हणाली होती, ते तिला दिसत होते, झुंडीनं आलेले, अंधारात एका जिवापाशी हात खाली टाकून उभे. आणि तो जीव वाढत होता. तिला हुंदका आला आणि तिनं तो अडवला नाही.

वस्ताद तिच्या शेजारी उकिडवे बसले होते. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं, आणि ते पुसायची त्यांना घाई नव्हती.

“मंजी त्या थापंनंच पोर जगली?”

“एकट्या थापेनं नाही. पण थाप होती म्हणूनही.”

“या अल्ला…” वस्ताद म्हणाले, आणि त्यांची नजर कोनाड्यातल्या मारुतीकडं गेली. एका देवाला पेलण्याजोगी ही गोष्ट त्यांना वाटली नसावी.

…

डोळे पुसून ती म्हणाली, “राग गेला, वस्ताद. पण भीती नाही गेली. थाप झाकली, तर यांना कळणार कसं, कुणाला धरायचं आणि कुणाला सोडायचं?”

वस्ताद उठले. कोपऱ्यातल्या बाजेवरचं घोंगडं त्यांनी आणलं. जाडं, काळं, राठ. त्याच्या घडीवर घडी केली आणि तिच्या पाठीवर टाकून पुढं गाठ मारली, डावी बाजू सांभाळून.

“हे तुजं औशद. व्हय का न्हाई?”

“वस्ताद, नको.”

“धर.”

“मला थाप कळणार नाही!”

“म्हनून तर. धर.”

तिनं धरलं. त्यांचं डोकं काखेत, कोपर मानेखाली. घोंगड्याचं ओझं पाठीवर होतं आणि त्याखाली तिची पाठ मुकी झाली होती.

ती थापेची वाट बघत राहिली.

“थापटलं का, वस्ताद?”

उत्तर नाही.

“वस्ताद?”

पाठीवर काहीच लागत नव्हतं. दारातून उन्हाची तिरीप आत आली होती आणि तिच्यात मातीची धूळ तरंगत होती. तिच्या कोपराच्या घडीत म्हाताऱ्याची शीर उडत होती. तडतड, तडतड. मग जरा अडखळत.

तिचा हात सुटला.

वस्ताद मातीत हातांवर आले. चेहरा लालबुंद झालेला, खोकल्याची उबळ थांबेना. तिनं धावत जाऊन तांब्या आणला, त्यांच्या तोंडाला लावला, पाठ चोळली. “जीव गेला असता ना आत्ता! ऐंशी वर्षांच्या माणसाला हे शोभतं का?” ती त्यांना रागं भरत होती. “मी सोडलंच नसतं तर?”

वस्ताद पाणी प्याले. उरलेलं डोक्यावर ओतून घेतलं. मग भिंतीला टेकून बसले आणि लहान पोरासारखे हसले. मघा स्वतःच्या हाताकडं बघितलं होतं, तसं आता तिच्या उजव्या हाताकडं बघत राहिले.

संध्याकाळची पोरं यायची वेळ झाली होती. बाहेर सायकली लागल्याचा आवाज आला.

“वस्ताद,” सुलक्षणा म्हणाली, “उद्या मी डॉक्टरांना काय सांगू?”

घोंगडं अजून तिच्या पाठीवरच होतं. त्यांनी हात लांब करून त्याची गाठ चाचपून बघितली. घट्ट होती.

“औशद तर पाठीवर हुतं, थाप तुला लागलीच न्हाई,” ते म्हणाले. “मग हात सुटला कशानं, पोरी?”